सावधान म्हणजे सावकाश

भिंतीला पाठ टेकून बसा, नाहीतर खुर्चीत बसा. मांडी घातलीच पाहिजे असं नाही. जवळ एक कोरा कागद, एक पेन्सिल आणि मुलांच्या कंपासपेटीतला कंपास असू द्या. कागद लागेल तो अगदी शेवटी. तोवर हात मांडीवर मोकळे राहू देत.

आता मनापुढं एक शाळा आणायची आहे.

कोल्हापूरकडून निघालात तर कागलनंतर कोगनोळीचा नाका येतो आणि कर्नाटक सुरू होतं. निपाणी मागं पडते. तवंदीचा घाट ओलांडायचा, मग संकेश्वर, हत्तरगी, काकती आणि बेळगाव. हमरस्ता सोडून कुठल्याही गावात आत शिरा. शाळा सापडेल. पुष्कळ गावांत तर दोन सापडतात, एक मराठी आणि एक कन्नड, कधी हाकेच्या अंतरावर, कधी एकाच आवारात. दिवस जुलैचे धरा. इकडचा पाऊस एकदा कोसळून मोकळा होत नाही. तो दिवसच्या दिवस रेंगाळतो, कौलांवरून निथळत राहतो, तांबड्या मातीचा चिखल करून ठेवतो. वर्गाबाहेर ओल्या चपलांची रांग लागली आहे. मैदानात तळं साचलंय, म्हणून सहावीची मुलं व्हरांड्यातच, गार शहाबादी फरशीवर उभी आहेत.

त्यांतली एक मुलगी निवडा. तिला मी नाव देत नाही. तुमच्या ओळखीत अशी कुणी असेल, तीच असू दे. अकरा वर्षांची, तेल लावून घट्ट वेण्या घातलेली, दप्तर अजून खांद्यावरच.

बाई म्हणतात, "सावधान!"

टाचा जुळतात. हात मांड्यांना चिकटतात. छाती पुढं येते आणि श्वास अडकतो.

इथं थांबू या. हा शब्द आपण आयुष्यभर ऐकत आलोय. घाटातल्या वळणावरच्या पाटीवर तो असतो, विजेच्या खांबावर कवटीच्या चित्राखाली असतो. मंगलाष्टकांच्या शेवटी तो येतो, आणि तो ऐकून बोहल्यावरून निघून गेलेल्या रामदासांची गोष्ट मराठी घरात सगळ्यांना माहीत असते. मराठीत सावधान हा इशारा आहे. काहीतरी येतंय, सांभाळ.

पण पलीकडच्या कन्नड वर्गात हाच शब्द वेगळ्या चालीनं चालतो. कन्नडमध्ये ‘सावधानवागि’ म्हणजे निवांतपणे, धीर धरून, घाई न करता. एखादी आजी नातवाला सावधानवागि जेवायला सांगते, तेव्हा ताटात धोका नसतो. तिला एवढंच म्हणायचं असतं की, सावकाश जेव, कुणी मागं लागलेलं नाही.

दोन्ही अर्थ एकाच मुळातून आलेत. शब्द फोडला की आत अवधान सापडतं. अवधानासह असणं म्हणजे सावधान. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे दुसरं काही मागत नाहीत, हे अवधानच मागतात. आणि सावकाश फोडला तर त्यात अवकाश आहे, मोकळी जागा. अलीकडे शाळांमधून ज्याला सजगता, माइंडफुलनेस म्हणून शिकवतात, त्याच्यासाठी शब्द शोधत मला लांब जावं लागत नाही. लक्ष पूर्ण जागं हवं आणि जीव मुळीच घाईत नको. पहिलं मराठी सावधान, दुसरं कन्नड. सीमेवरच्या मुलीला दोन्ही एकाच आवारात ऐकू येतात. तिच्या कानाजवळचं हे धन तिला कुणी दाखवून द्यावं, असं मला फार वाटतं.

आता तुम्हीही उभे राहा. जमत नसेल तर बसल्या जागीच पावलं जमिनीवर सपाट टेकवा.

मराठी सावधानमध्ये उभे आहात. खांदे वर ओढले गेलेत का, पाहा. जबडा आवळलाय का? काही बदलू नका, फक्त पाहा. मग तोच शब्द मनात कन्नडमध्ये म्हणा. खांदे आपोआप खाली येतील. पाठ मात्र ताठच राहील. टाचेवर भार किती आहे? चवड्यावर किती? डाव्या पायावर जास्त आहे का? बहुतेकांचा एका पायावर जास्त असतो आणि जन्मभर ते लक्षात आलेलं नसतं. एक श्वास असंच उभं राहा. आणखी एक.

या उभं राहण्याला ताडासन म्हणतात. ते जगभर पोचवणारा एक मुलगा कधीकाळी बेळगावातून गेला होता. 1936 साली म्हैसूरचे योगाचार्य टी. कृष्णमाचार्य शिष्यांना घेऊन उत्तर कर्नाटकात प्रात्यक्षिकं करत फिरत होते. त्या शिष्यांत सतरा वर्षांचा एक किडकिडीत मुलगा होता. बालपण आजारपणात गेलेलं, शाळा अर्धवट सुटलेली. बेळगावचे त्या वेळचे सिव्हिल सर्जन डॉ. व्ही. बी. गोखले या विद्येकडे ओढले गेले. पुढं निवृत्त होऊन ते पुण्याला आले, आणि त्यांच्याच पुढाकारानं 1937 साली त्या मुलाला सहा महिन्यांसाठी पुण्यात बोलावणं गेलं. डेक्कन जिमखान्यावर शाळा-कॉलेजच्या विद्यार्थ्यांना योग शिकवायचा होता. तो मुलगा म्हणजे बी. के. एस. अय्यंगार. सहा महिन्यांसाठी आलेला माणूस 2014 साली मृत्यू येईपर्यंत पुण्याचाच होऊन राहिला.

मी या गोष्टीत एका जागी नेहमी अडतो. अय्यंगारांना तेव्हा मराठी येत नव्हतं. इंग्रजी मोडकंतोडकं होतं. समोर कॉलेजची मुलं, काही त्यांच्याहून मोठी, सगळी त्यांच्याहून शिकलेली. काय बोलले असतील? बोलण्यासारखं फार नव्हतंच. स्वतः उभं राहून दाखवायचं, आणि समोरच्याच्या गुडघ्याला, खांद्याला हात लावून सांगायचं, इथं बघ, इथं. शब्द तोकडे पडले म्हणून शरीर बोललं. पुढं त्यांची शिकवणी सांध्यासांध्यातलं, बोटाबोटातलं लक्ष जागवण्यासाठी ओळखली गेली. तिचं बीज त्या मुक्या वर्गांत पडलं असेल, असं मला मनापासून वाटतं.

शाळेत योग नेण्याची खटपट आपल्याकडे तेव्हाही नवी नव्हती. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते. लोणावळ्याला 1924 साली कैवल्यधाम काढणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी, मैदानावर शेकडो मुलांना एकदम करता यावा म्हणून ‘यौगिक संघ व्यायाम’ बसवला. भवानरावांचं मला विशेष वाटतं ते यासाठी की नमस्कार घालणारा हा राजा चित्रकारही होता. त्यानं रामायण रंगवलं, 1938 साली औंधला चित्र-शिल्पांचं संग्रहालय उभं केलं. शरीराची लय आणि रेषेची लय त्याच्या दिवसात शेजारी-शेजारी नांदत होती. शाळेच्या वेळापत्रकात मात्र पी. टी. आणि चित्रकला हे दोन वेगळे तास झाले, आणि परीक्षा जवळ आली की दोन्हीही गणिताला दिले जाऊ लागले.

बसा आता. डोळे मिटावेसे वाटले तर मिटा. नाही वाटलं तर उघडेच ठेवा, नजर फरशीवर सोडा. मुलांनाही हेच सांगावं. प्रत्येक मुलाला डोळे मिटून अंधारात एकटं बसणं सोसत नाही, काहींच्या अंधारात रात्रीची भांडणं असतात. ज्याला उघड्या डोळ्यांनी बसायचंय त्याला बसू द्यावं, त्याबद्दल विचारूही नये.

श्वास नाकपुडीपाशी येतोय, जातोय. आत जाताना किंचित गार, बाहेर येताना किंचित उबदार. तो लांबवू नका, रोखू नका, मोजू नका. या साधनेला आनापान म्हणतात. महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागानं विपश्यना विशोधन विन्यासाच्या साहाय्यानं ‘मित्र उपक्रम’ म्हणून ती शाळांत नेली. शाळा भरताना दहा मिनिटं, सुटताना दहा मिनिटं. त्यात जप नाही, मंत्र नाही, प्रतिमा नाही. श्वासाला कुठलंही नाव जोडायचं नाही, हा तिथला नियमच आहे.

आपली मुलगी सीमेच्या पलीकडची असली, तरी तिच्यासाठी या नियमाचा अर्थ काय होईल, त्यावर थोडं रेंगाळू या. तिचा सगळा दिवस नावांत जातो. घरी ज्याला ठिपका म्हणायचं, त्याला शेजारच्या अंगणात चुक्की म्हणतात. दुकानाची पाटी एका लिपीत, पुस्तक दुसऱ्या लिपीत, बसवरचं गावाचं नाव तिसऱ्याच उच्चारात. आपल्या गावाचं नाव कसं म्हणायचं, बेळगाव की बेळगावी, यावरही मोठी माणसं आवाज चढवतात, आणि ते तिनं ऐकलेलं असतं. अशा मुलीला सकाळी दहा मिनिटं एक गोष्ट मिळावी जिला नाव द्यायचंच नाही. गार हवा आत जाते आणि उबदार होऊन बाहेर येते. ती फक्त तिची आहे.

ही मुलगी निपाणीची असेल तर मात्र श्वासाबद्दल बोलताना जपायला हवं. निपाणी तंबाखूची पेठ. वखारीत तंबाखू कुटतात, चाळतात, त्याची धूळ बायकांच्या पदरातून घरापर्यंत येते. गल्लीतून चालताना बाहेरच्या माणसाला ठसका लागतो, आतल्या माणसाला लागत नाही, कारण त्याला तो वासच हवेचा वास वाटतो. विड्या वळणाऱ्या बायांची मजुरी हजार विड्यांवर ठरते. मांडीवर सूप, सुपात पानं आणि जर्दा, बोटं चालत राहतात, त्याच वेळी पोराला हाक, शेजारणीशी बोलणं. अशा घरातल्या मुलीला ‘दीर्घ श्वास घे, शुद्ध हवा आत घे’ असं सांगणारा माणूस तिच्या आईच्या खोकल्याबद्दल काहीच जाणत नसतो. म्हणून मला आनापानातला साधेपणा मोलाचा वाटतो. श्वास आहे तसा. तंबाखूचा वास येत असेल तर वासासकट. घसा खवखवत असेल तर खवखवण्यासकट. शांत बसायला शिकवलं की वखारीतल्या धुळीबाबतचं आपलं कर्तव्य संपलं, असं मात्र कुणी समजू नये. आई खोकते हे मुलीला नीट ऐकू येणं हाही अवधानाचाच भाग आहे.

आणखी तीन श्वास घ्या. मग हातांकडे या.

मुलांचं मन हाताच्या वाटेनं लवकर स्थिर होतं. नुसतं बसवलं तर पायाला मुंग्या येतात, शेजारी चिमटा काढतो. हातात काही दिलं की ओठ मिटतात, जीभ किंचित बाहेर येते आणि वर्ग शांत होतो. कुठल्याही बालवाडीच्या बाईंना विचारा.

बेळगावला याची एक जुनी साक्ष आहे. डिसेंबर 1924 मध्ये इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष झाले ते याच एका अधिवेशनात. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर त्याच वेळची. त्या अधिवेशनानं सभासदत्वाची वर्गणी पैशांऐवजी सुतात ठरवली, दरमहा 2000 वार. राजकारण्यांना ते जाचक वाटलं. पण ज्यानं टकळी फिरवलीय त्याला त्यातली गोम कळते. पुढं कितीतरी शाळांत सूतकताईचा तास होता आणि आजही म्हातारी माणसं आपल्या टकळीची आठवण सांगतात. पेळू चिमटीत धरायचा, टकळी फिरवायची, धागा ओढत न्यायचा. मन दुसरीकडे गेलं की धागा जाड होतो, आणखी लांब गेलं की तुटतो. कुणी ओरडावं लागत नाही. तुटलेलं टोक जोडायचं आणि पुन्हा सुरू करायचं. ध्यानाला बसलेल्या माणसाला सगळे गुरू हेच सांगतात. मन गेलं? कळलं? परत आण. चुकलास असं म्हणू नकोस.

हाताची ही शांतता आपल्या उंबऱ्यातही आहे. ठिपक्यांची रांगोळी काढणारी बाई वाकलेली असते, चिमटीतून पूड सुटत असते, आणि ठिपके जोडताना ती मध्येच थांबू शकत नाही, कारण रेघ जाडावते. कन्नड घरासमोर तीच चुक्की रंगोली. संध्याकाळपर्यंत तिच्यावरून पावलं जातात, पाऊस आला तर वाहूनही जाते, आणि उद्या पुन्हा काढायची असते. वर्गात मुलांना मंडलाची छापील पानं रंगवायला देतात तेव्हा मला वाटतं, त्यांच्या आयांना एक दिवस शाळेत बोलवावं आणि फरशीवर रांगोळी काढायला सांगावी. मुलांनी फक्त पाहावं.

हे सगळं शाळेत कसं आणायचं, यावर एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ब्रिटनमध्ये 80हून अधिक शाळांतल्या 8000हून अधिक मुलांसह झालेल्या मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष 2022 साली आले. सजगतेचे धडे वर्गात दिल्यानं मुलांची मनःस्थिती नेहमीच्या शिक्षणापेक्षा सुधारली नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. मला यात निराश होण्यासारखं दिसत नाही. धडा झाला की त्याचा गृहपाठ होतो, गृहपाठ झाला की तो टाळायचा असतो. शांततेला गुण देऊ नयेत. चांगलं बसलेल्या मुलाला टाळ्या देऊ नयेत, तो उद्या टाळ्यांसाठी बसेल. बाईंनी स्वतः बसावं, मुलांबरोबर, रोज. एवढं झालं तरी पुष्कळ.

आता कागद घ्या.

पण त्याआधी एकदा मान वर करा आणि बेळगावच्या किल्ल्यात चला. आत कमल बस्ती आहे. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराजा यानं 1204 च्या सुमारास बांधलेलं हे जैन मंदिर. गाभाऱ्यात काळ्या पाषाणातले नेमिनाथ आहेत. मंडपात उभं राहून वर पाहा. छतातून एक दगडी कमळ खाली उमललेलं आहे, पालथं. त्याला 72 पाकळ्या. भूतकाळाचे 24 तीर्थंकर, वर्तमानाचे 24, भविष्याचे 24. तिन्ही काळ एका फुलात, एका देठाला. पाहणाऱ्याची मान दुखते, आणि तरी नजर काढवत नाही.

ज्यानं हे कोरलं त्याचा हात मनापुढं आणा. त्याच्यापुढं दगड होता, आणि दगडात खोडता येत नाही. एका पाकळीवर छिन्नी आहे तेव्हा उरलेल्या एकाहत्तर पाकळ्यांचा विचार केला तर हीच फुटेल. तो भविष्यातल्या तीर्थंकराची पाकळी कोरत होता तेव्हाही त्याचा हात वर्तमानातच असणार. आपली मुलगी शाळेच्या सहलीत इथं आली, मान वर करून तिनं पाकळ्या मोजायला घेतल्या, तीसच्या पुढं गोंधळली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. बाकीची मुलं बाहेर पळाली होती. बाई दारात थांबल्या. हाक मारली नाही त्यांनी.

तुमच्या कागदावर बहात्तर नको, सहाच पाकळ्या पुरेत. कागदाखाली जुनी वही ठेवा, म्हणजे टोक नीट रुतेल. कंपासचं तोंड हवं तेवढं उघडा आणि मग ते अजिबात हलवू नका. कागदाच्या मधोमध टोक टेकवा. वर्तुळ काढा, एका दमात, श्वास सोडता सोडता.

आता टोक वर्तुळावर कुठंही ठेवा. तेवढ्याच त्रिज्येचा कंस काढा, मध्यातून जाणारा, कडेला दोन्हीकडे टेकणारा. जिथं तो कडेला टेकला तिथं पुढचं टोक. पुन्हा कंस.  व्हरांड्यात मुलांच्याही समोर आता कागद आहेत, पाऊस तसाच आहे, आणि कुणीतरी भराभर काढून मोकळं व्हायला बघतंय. बाई त्याच्याजवळ जाऊन हळूच म्हणतात, "सावकाश की रे. कुठं पळून चाललंय फूल?"

तिसरा कंस, आणि पहिली पाकळी दिसू लागेल. चौथा. हात कुठं घाई करतो ते बघा, बहुतेक चौथ्यानंतर करतो, कारण आकार कळलेला असतो. पाचवा. कंस जिथं कडेला टेकलाय तिथं डोळे नेऊन मगच टोक ठेवा.

सहावा पहिल्या टोकाला येऊन मिळायला हवा. मिळाला तर मिळाला. केसाएवढी फट राहिली असेल तर राहू द्या, तिच्याकडे थोडा वेळ बघा. पाचांतल्या कुठल्यातरी एका ठिकाणी तुम्ही इथं नव्हता. आपल्या मुलीचीही फट राहिलीय. तिनं खोडरबर मागितला, आणि बाईंनी मान हलवली.

पेन्सिल खाली ठेवा. कागद पालथा करा, बस्तीच्या छतातल्या कमळासारखा. डोळे मिटा. तर्जनी मागच्या बाजूनं फिरवा, अगदी हलकी. टोकानं केलेली भोकं बोटाला लागतील. एक मध्ये. मग भोवतीची शोधा, एकेक करून. बोट उचलू नका. घंटा व्हायला अजून वेळ आहे.